एका मिनिटाचे केळीभाव

आमच्या स्वयंपाकघरात वेळ सांगणाऱ्या पाच वस्तू होत्या: भिंतीवरचं घड्याळ, आईचा मोबाइल, माझं मनगटी घड्याळ, टीव्ही आणि शिट्ट्या देणारा कुकर. चार मी बाहेर नेल्या, कुकर गॅसवरून उतरवला. माझ्या भावाला, जीवनला, घड्याळाशिवाय एक मिनिट ओळखायला शिकायचं होतं.

जळगावच्या एका छोट्या रेडिओ केंद्राला केळीचे भाव सांगणारा निवेदक हवा होता. केंद्र चालवणाऱ्या अतिक सरांची अट एकच: कागदावरची नजर न हलवता मिनिटात संपवायचं. दोन सेकंद इकडेतिकडे चालतील, पुढे जाहिरात आपोआप सुरू होते. भाव कधी चार गावांचे, कधी आठ. उरलेल्या वेळात हवामान सांगायचं. बी.ए. झाल्यापासून पाचोऱ्याला मामांच्या दुकानात पोती उचलणाऱ्या जीवनला ही नोकरी हवीच होती.

तो आईसमोर वाचायचा, मी दारामागे स्टॉपवॉच घेऊन बसायचे. लवकरच चूक एका सेकंदावर आली. मी धुळ्याला एम.एस्सी. करते, मेंदू वेळ कसा मोजतो हे तिथेच शिकले होते. एखादी गोष्ट सुरू झाली की मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या काही पेशी ठरलेल्या क्रमानं, एकीनंतर एक, जाग्या होतात. आपली गल्ली संपली की पुढच्याला शिट्टी देणारे गस्तवालेच ते.

चाचणीत जीवनला चौऱ्याहत्तर सेकंद लागले. जामनेरच्या भावावर साबणाची जाहिरात चढली.

"भाऊ, तुझे भाव येईपर्यंत केळी पिकतील," अतिक सर म्हणाले. "सोमवारी ये. शेवटचं."

स्टुडिओच्या काचेपलीकडून मी पाहिलं होतं: प्रत्येक भावानंतर जीवन थांबत होता. घरी तो आईला हकीकत सांगू लागला, आणि प्रत्येक वाक्याला आई म्हणाली, "हं."

तेव्हा लक्षात आलं. सरावातही आई असाच हुंकारा देत होती. जीवन मिनिट शिकलाच नव्हता. एका 'हं'पासून दुसऱ्या 'हं'पर्यंतचा वेळ शिकला होता. स्टुडिओत तो 'हं'ची वाट बघत बसला.

"आई, आता हुंकारा बंद."

"मना पोऱ्या बोली ऱ्हायना, अन् मी मुकी बसू का?"

"तिथे समोर काच असते. काच हं म्हणत नाही."

"मंग असा ठिकाने नोकरी कसाले करस रे?" आईनं जीवनलाच विचारलं.

तिनं तोंडात पदर धरला, पण मान हलतच राहिली. जीवनला भिंतीकडे तोंड करून बसवलं, तर पदराआतून 'हं' आलं. शेवटी मी त्याला घेऊन बाहेर पडले: गच्चीवर, बसस्थानकात, धुळ्याच्या एसटीत. एसटीत शेजारच्या आजोबांनी वाचन थांबवून विचारलं, "मंग, रावेरना काय भाव शे?" जीवननं उत्तर दिलं आणि मिनिट पहिल्यापासून सुरू केलं. त्यानंतर तो कुणाकडे न बघता वाचू लागला.

सोमवारी कागदावर सहा गावं होती. अतिक सरांनी बोट वर केलं, मी काचेबाहेर स्टॉपवॉच दाबलं. जीवन कुठेही थांबला नाही. भाव संपले, ढगाळ हवामान झालं, वाऱ्याचा वेग झाला, "नमस्कार" झाला.

एकोणसाठ पूर्णांक चार सेकंद.