अस्वलाचा खोकला

बायको गेल्यावर पोरीला गोष्ट वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी गॅरेजात इंजिनं उघडणारा माणूस. वाचायचो ते पाढे म्हटल्यासारखं. पोरगी पहिल्याच पानावर वैतागायची. "बाबा, आई असं नव्हती वाचत. ती आवाज काढायची."

मग मीही लाज सोडली. कोल्ह्याला नाकातून बोलायला लावलं, सशाला चिरका आवाज दिला. रविवारी दुपारी अस्वलाची गोष्ट निघाली. माझं अस्वल असं गुरगुरलं की शेजारीण डोकावून गेली. मला वाटलं, जिंकलो.

"चूक!" पोरगी म्हणाली. "अस्वल बोलता बोलता खोकतं. खूप वेळ. मग आई म्हणायची, बघ, किती मध खाल्लाय मेल्याने!"

मी सगळं पुस्तक चाळलं. अस्वल कुठेच खोकत नव्हतं.

मला बायको सांगायची, घरात धूळ फार झालीय. आणि मी गाढव, खिडक्या पुसत बसलो.

"बाबा, खोक ना."

मी खोकलो. पोरगी खुदकन हसली आणि मांडीवर सरकून बसली.

"अजून," ती म्हणाली. "आईचं अस्वल थांबायचंच नाही."