वळणावरची पाटी

निघायला उशीर मीच केला. आधी चाव्या सापडत नाहीत म्हणाले, मग पंपावर चारही चाकांची हवा तपासली, मग आठ मैलांवर पुन्हा थांबून डिकीतल्या पाचव्या चाकाचीही. आपा, म्हणजे माझे वडील, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेजारी बसले होते, मांडीवर झेंडूची जुडी.

"ओदिलिया, चाकं आहेत का तान्ही बाळं? किती वेळा बघशील?"

"उन्हानं फुटतात, आपा."

"नोव्हेंबरात?"

मी गाडी सुरू केली. 

सरहद्दीच्या नदीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर, मेस्कीटच्या काटेरी झाडाखाली, सरकारने लावलेली एक पाटी आहे. एकोणीसशे पंधरा साली त्याच वळणावर आपांच्या वडिलांना, लिब्रादो सालिनासना, गोळ्या घातल्या. आपा तेव्हा दीड वर्षाचे. प्रेत घरी आलं नाही, थडगं कुठे ते कुणाला ठाऊक नाही. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी तिथे पाटी लागली. आपांनी कापसाच्या शेतावरच्या मुकादमाला विचारलं, त्यावर काय लिहिलंय? तो म्हणाला, "पंधरा साली इथं माणसं मेली, असं काहीतरी." झालं. सरकारला अखेर लाज वाटली, असं आपांनी धरून टाकलं आणि नोव्हेंबरात, गेलेल्यांची आठवण काढतात त्या मृतांच्या दिवशी, फुलं घेऊन आम्हा सगळ्यांना तिथे नेलं.

त्यांना इंग्रजी येत नाही. स्पॅनिश तेवढं बोट ठेवून वाचतात. मी आठ वर्षांची होते. "शाळेत जातेस ना? वाच," ते म्हणाले आणि टोपी काढून उभे राहिले.

पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं की प्रुइट नावाच्या शूर रँचमालकाने नदीपलीकडून आलेल्या दरोडेखोरांना इथे अडवलं, तीन दरोडेखोर ठार झाले.

मी स्पॅनिशमध्ये वाचलं, "येथे लिब्रादो सालिनास यांना काही गुन्हा नसताना मारण्यात आले. त्यांच्यामागे पत्नी आणि एक मुलगा आहे."

आपा रडले. त्यानंतर चोवीस वर्षं, दर वर्षी, भाऊ, भाचरं, शेजारी सगळ्यांसमोर मला तेच वाचावं लागलं. भावांनाही पुढे इंग्रजी आलं. त्यांनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तोंडाला कुलूप घातलं. आपा मात्र पाटी पुसायचे, भोवतीचं गवत काढायचे.

आणि आता काउंटीच्या इतिहास समितीला उमाळा आला होता. जुन्या पाटीशेजारी तोच मजकूर स्पॅनिशमध्ये लावायचा, आणि इतकी वर्षं पाटीची निगा राखणारे म्हणून आपांचा सत्कार! मेले, पंचवीस वर्षं कुठे होते?

"आपा," शेवटचा फाटा आला तेव्हा मी म्हणाले, "नव्या पाटीवर ते लोक काहीही लिहितील. मनावर घेऊ नका."

"पाटी सरकारची आहे, त्यांची नाही. तू गाडी नीट चालव."

वळणावर पाटीसमोर तीस खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत प्रुइटचा नातू, मांडीवर टोपी. समितीच्या मिसेस स्टॅनफिल यांनी आपांच्या सदऱ्याला फीत लावली आणि नव्या पाटीवरचं कापड ओढलं. टाळ्या पडल्या. आपा झेंडू घेऊन पुढे गेले आणि त्यांनी पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

मला पळून जावंसं वाटत होतं. बोट सरकत होतं. तिसऱ्या ओळीत ते थांबलं, मागे गेलं, पुन्हा त्याच शब्दाशी आलं. टाळ्या कधीच थांबल्या होत्या.

"पोरी," आपा वळून म्हणाले, "या तिघा दरोडेखोरांतला माझा बाप कितवा?"

"आपा, मी लहान होते," मी म्हणाले.

"आणि मग मोठी झालीस."

"हो."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की थोबाडीत मारतील तर बरं, असं मला झालं. मिसेस स्टॅनफिल हसतमुखाने विचारत होत्या, "सगळं ठीक आहे ना? त्यांना दोन शब्द बोलायचेत का?"

आपांनी माझं मनगट धरलं आणि मला माइकपाशी नेलं. पकड घट्ट होती.

"वाच."

"काय वाचू?"

"दर वर्षी वाचतेस ते. मला पाठ आहे. एक शब्द चुकलीस तर बघ."

मी वाचलं. माझा आवाज त्या आठ वर्षांच्या पोरीसारखा निघाला. मागे बसलेल्या आमच्या दोन-चार म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. पहिल्या रांगेतले लोक हसून माना डोलावत होते.

"यांना कळलं नाही," आपा म्हणाले. "आता यांच्या भाषेत. आणि मोठ्यानं."

मी इंग्रजीत वाचलं, लिब्रादो सालिनास, गुन्हा नसताना, पत्नी आणि एक मुलगा. माना डोलायच्या थांबल्या. प्रुइटचा नातू उठला, जुन्या पाटीपाशी गेला आणि मी वाचलेली ओळ कुठे आहे ते वाकून शोधू लागला.

"पुन्हा," आपा म्हणाले.