शेवटचं बिऱ्हाड

क्वीन्समधल्या त्या विटांच्या इमारतीत शैलजा आणि मोरेश्वर यांनी तीस वर्षं संसार केला. महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी घाईघाईनं बांधलेली ती इमारत आता मालकाला पाडायची होती. तिथे काचेचे नवे फ्लॅट उभे राहणार होते. बाकीची बिऱ्हाडं एकेक करून निघून गेली. हे दोघं राहिले, कारण काचबिंदूनं डोळे गेल्यापासून मोरेश्वरांना हेच एक घर ठाऊक होतं. भिंतीवरून हात फिरवत ते स्वतःचा चहा करायचे, दाढी करायचे. बाहेर मात्र शैलजाचा हात सुटला की जागच्या जागी थिजायचे.

२००७च्या जानेवारीत इमारत उबदार ठेवणारा बॉयलर बंद पडला आणि दुरुस्तीला कुणी फिरकलंच नाही. कोटावर रजई लपेटून कुडकुडणारा नवरा बघवेना, तेव्हा शैलजानं मिनेसोटातल्या लेकीला, रेणूला फोन केला.

"आई, बस झाला हट्ट. इकडे माझ्या घरी, ईडन प्रेरीला या. बेसमेंट रिकामंच आहे."

"अगं, त्यांना तो जिना कसा जमणार?"

"मग दुसरा ऑप्शन सांग ना!"

ऑप्शन शोधायला शैलजा मोरेश्वरांना घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या नव्याकोऱ्या इमारतीच्या ऑफिसात गेली. तिथले काही फ्लॅट कमी भाड्यानं देणार असं तिच्या कानावर आलं होतं. टेबलामागची मुलगी मराठी निघाली, अनन्या, इथेच जन्मलेली.

"काकू, लिस्ट क्लोज झाली. खूप लोकांनी अप्लाय केलं. आय ॲम सो सॉरी."

शैलजानं वाकून तिचे दोन्ही हात धरले. "बाळा, एक खोली दे. खिडकी नसली तरी चालेल गं."

अनन्याचे डोळे भरून आले. काय करावं ते न सुचून तिनं त्यांना नमुन्याचा फ्लॅट उघडून दाखवला.

मोरेश्वर हात पुढे करून आत शिरले. स्वयंपाकघर, बैठक, सगळं मिळून एकच मोकळं दालन होतं. हाताला काहीच लागेना. ते मधोमध थांबले.

"शैला, भिंत कुठाय गं?"



महिनाभरात जुन्या इमारतीतलं पाणीही गेलं. मग रेणूच न्यायला आली. सामान गाडीत चढलं, पण मोरेश्वर दारातून हलेनात. चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून ते म्हणाले, "मला इथेच राहू दे. तुम्ही जा."

"बाबा, प्लीज!" रेणू रडू लागली.

शैलजा रडली नाही. तिनं नवऱ्याची गार पडलेली बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली. अंगठा सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला.