पाळधीला थांबलेला ठिपका

चंदनबाईंच्या फोनला हात लावायची घरात कोणाची छाती नव्हती. सून जिनल इंजिनिअर, पण तीसुद्धा विचारूनच घ्यायची. तो फोन चंदनबाईंनी स्वतः बसून मनासारखा करून घेतला होता. अक्षरं हरभऱ्याएवढी ठसठशीत, समोर लागतील तेवढीच चित्रं, बाकीचा पसारा आत ढकललेला. सकाळी नवकारसीची, म्हणजे पहिला घास तोंडात घालायची वेळ झाली की एक घंटा, सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं म्हणून दुसरी घंटा, आणि त्या सामायिकाला, म्हणजे ध्यानाला बसल्या की दोन घडी फोन आपोआप चूप.

जळगावात शिरताना गिरणेचा पूल ओलांडला की हायवेलगत त्यांची वसाहत लागते. तिथल्या निम्म्या बायकांचे फोन त्याच दुरुस्त करायच्या. कोणाच्या फोनमध्ये जागा उरलेली नसायची, कोणाचा आवाजच गेलेला असायचा. चंदनबाई चष्मा खाली ओढून बघायच्या आणि दोन मिनिटांत निदान करून मोकळ्या व्हायच्या. "अगं, रोज सकाळी आलेली गुलाबाची फुलं साठवून ठेवशील तर जागा राहील कुठली? फोन काही चुकत नसतो, आपण त्याला नीट सांगत नाही."

"मला इतकी वर्षं नीट सांगतेस, मी कुठे ऐकतो?" दलिचंद झोपाळ्यावरून म्हणायचे. डाळीचं दुकान मुलाच्या हाती सोपवून ते आता निवांत होते आणि बटणांच्या फोनवर सुखी होते.

त्या फोनचं खरं काम फेब्रुवारीत निघालं. धुळ्याहून चार महासतीजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, पायी विहार जळगावच्या दिशेने सुरू झाला, आणि त्या चौघींत समताश्रीजी होत्या. समताश्रीजी म्हणजे दीक्षेआधीची चारुलता, चंदनबाईंची धाकटी लेक. दीक्षा घेतल्यापासून ती गुजरात-राजस्थानातच चालत होती. साध्वी फोनला शिवत नाहीत. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याला बसल्या जागी व्हिडिओ कॉल लावणाऱ्या आईला स्वतःच्या लेकीचा आवाज मात्र ऐकू येत नव्हता. त्या दर्शनाला जाऊन आल्या होत्या, पण तिथे शेकडो माणसांत मागे बसायचं आणि लांबून वंदना करायची. आपल्या घरी, आपल्या हाताने तिच्या पात्रात चार घास वाढायचे, एवढं राहून गेलं होतं, आणि ते त्यांना फार खुपत होतं.

ते वाटतं तितकं सोपंही नव्हतं. साध्वी गोचरीला, म्हणजे भिक्षेला, सांगून येत नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून रांधलेलं घेत नाहीत. घरच्यांसाठी शिजलेल्यातलंच थोडंसं घेतात. वाढणारीचा हात त्या वेळी विस्तवाला, कच्च्या पाण्याला किंवा विजेच्या वस्तूला लागलेला असेल तर तो हात असूझता, म्हणजे त्या फेरीपुरता बाद. फोन हीसुद्धा विजेचीच वस्तू. चंदनबाईंना हे नियम लहानपणापासून पाठ होते. फोनचं तेवढं कलम नंतर वाढलं होतं.

हायवेवर ट्रक कसे धावतात ते सगळ्यांना ठाऊक. म्हणून विहारात सुकदेव सोबत होता. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा हा माणूस थोरल्या महासतीजींची चाकाची खुर्ची ढकलायचा. चंदनबाईंनी त्याच्यासाठी एक फोन तयार करून धुळ्याला पाठवला. तो कुठे आहे ते नकाशावर निळ्या ठिपक्याने दिसेल अशी सोय केली आणि ती वाटेवरच्या सगळ्या गावांतल्या बायकांच्या ग्रुपवर टाकली. चार्जिंग पुरावं म्हणून बॅटरी वाचवायचं बटणही चालू करून दिलं. हे बटण तेवढं लक्षात ठेवा.

ठिपका चालू लागला. मुकटी, पारोळा, एरंडोल. भाजी निवडताना, किराणा दुकानात रांगेत, कुठेही चंदनबाई फोन उघडून बघायच्या. "आत्ता सावलीला बसल्या असतील." "आत्ता चढ लागला वाटतं, पाऊल मंद झालं." ग्रुपवरच्या बायका विचारायच्या आणि त्या तत्काळ उत्तर द्यायच्या. एवढा चोख बंदोबस्त आजवर कोणत्याच विहाराचा झाला नव्हता, असं सगळ्याच म्हणत होत्या, आणि चंदनबाईंना ते ऐकायला आवडत होतं. का नाही आवडणार?

ज्या दिवशी महासतीजी जळगावात शिरायच्या होत्या, त्या सकाळी ठिपका पाळधीला होता. सूर्य वर आला, ठिपका पाळधीलाच. नाश्ता झाला, ठिपका हलेना. चंदनबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ग्रुपवर लिहून टाकलं, "आज पाळधीलाच मुक्काम दिसतो. स्वागताला उद्या सकाळी पुलापाशी जमावं." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. कोणाला शंका येणार? चंदनबाईंनी सांगितलं म्हणजे झालंच.

तरी मन स्वस्थ बसेना. थोरल्या महासतीजींना बरं नसेल तर? त्या अंगणात येऊन सुकदेवला फोन लावत राहिल्या. आत जिनलने फुलके डब्यात भरून ठेवले, डाळ खाली उतरवली. बऱ्याच वेळाने एकदाचा सुकदेवने फोन उचलला.

"अरे, तुझा ठिपका सकाळपासून अडकून बसलाय. काय दाबलंस?"

"आक्का, मी ते काहीच दाबं नई."

"पडदा वरून खाली ओढ. छोटी बॅटरी दिसते का?"

"दिसस ना. पिवळी शे."

आता कुठे चंदनबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पिवळं बटण त्यांनीच चालू करून दिलं होतं. बॅटरी वाचवायला सांगितलेला फोन सुकदेवच्या खिशात गुपचूप झोपून गेला होता. "त्याच्यावर बोट ठेव. विझली?"

"इझनी."

"आता नकाशा उघड."

"नकाशा कसाले, आक्का? आम्ही ते तुमना फाटकजोडेच शेतस."

चंदनबाईंनी फाटकाकडे नाही, फोनकडे पाहिलं. निळा ठिपका पाळधीहून निघाला, गिरणा ओलांडून टुणकन त्यांच्याच घरावर येऊन बसला. "बघा!" त्या आनंदाने ओरडल्या, "झाला की नाही दुरुस्त!" आणि फोन उंच धरून मागे वळल्या.

फाटकाच्या आत दोन साध्वी उभ्या होत्या. तोंडावर मुहपत्तीची पांढरी पट्टी, हातात पात्रांची झोळी. पुढे होत्या त्या समताश्रीजी. मुहपत्तीवरचे डोळे आईच्या चेहऱ्यावर आले आणि तिथून वर, हातातल्या फोनवर गेले.

"दया पाळो," साध्वी दारात उच्चारतात ते शब्द त्या शांतपणे म्हणाल्या.

चंदनबाईंनी फोन झोपाळ्यावर टाकला, पण आता टाकून काय उपयोग? आतून जिनल आली. तिचे हात कोरडे होते, कशाला लागलेले नव्हते. तिने वाकून विनंती केली, फुलके वाढले, डाळ वाढली. समताश्रीजी "बस" म्हणाल्या आणि ती थांबली. चंदनबाई हात जोडून कडेला उभ्या होत्या. लेक स्वतःच्या दारात आली, घास घेऊन गेली, आणि आई पाहुण्यासारखी बघत राहिली.

त्यांना रडू आलं नाही, राग आला. दलिचंदांना वाटलं, आज या फोनचं काही खरं नाही. "फेकून द्यायचा का?" त्यांनी हळूच विचारलं.

"का म्हणून? त्याने काय केलं? मी त्याला झोप म्हणाले, तो झोपला. शहाणपण माझं नडलं," चंदनबाई म्हणाल्या.

दुपारी चंदनबाई महासतीजी उतरल्या होत्या त्या वसाहतीच्या हॉलमध्ये वंदनेला गेल्या. सकाळी हॉल वॉचमनने उघडून दिला होता, कारण बाकी कोणाला पत्ताच नव्हता. चंदनबाईंनी साता, म्हणजे खुशाली, विचारली. समताश्रीजी जमिनीवर बसून पात्रं पुसत होत्या.

"आज फार साता आहे, चंदनबाई," त्या म्हणाल्या. गावातल्या इतर बायकांना हाक मारावी तशीच ती हाक होती. "कितीतरी दिवसांनी आज कोणाला खबर नव्हती. आम्हीही सुकदेवला म्हटलं, कळवू नको. पारोळा झालं, एरंडोल झालं, प्रत्येक दारात पाऊल ठेवलं की सगळं गरम गरम तयार. घरात माणसं दोन आणि शिरा पातेलंभर. विचारलं, बाई, कोणासाठी? तर म्हणे घरच्यांसाठी. काय घेणार त्यातलं? एरंडोलला दारोदारून रिकाम्या पात्रांनी परतलो. थोरल्या महासतीजी पाण्यावरच राहिल्या." बोलण्यात तक्रार नव्हती. त्यांना ठिपक्याचं काही माहीतही नव्हतं.

चंदनबाईंना माहीत होतं. ज्या ठिपक्यात आपण दिवसभर लेकीला बघत होतो, तोच बघून बायका चुली पेटवत होत्या, आणि त्याच ठिपक्यापायी लेक उपाशी चालत होती. त्यांनी बाहेर येऊन, हॉलच्या पायरीवर बसून, आधी तेच काम हातात घेतलं. ग्रुपला दिलेला ठिपका बंद केला. विहारासोबत रस्त्यावर भगवं जाकीट घालून पुढे-मागे चालणाऱ्या दोघा कार्यकर्त्यांना तेवढा चालू ठेवला, कारण ट्रकचं भय खोटं नव्हतं.

ग्रुपवर गलका उडाला. विहाराचा पुढचा टप्पा भुसावळचा, तिथल्या बायका तर रुसल्याच. आम्हाला कसं कळणार? आमची तयारी कशी होणार? चंदनबाईंनी आपल्या ठसठशीत अक्षरांत उत्तर दिलं, "होऊच नये म्हणून बंद केलंय. घरी रोज जे करता ते करा. आमच्याकडूनच चूक झाली, खमावते, क्षमा असावी." आणि विषय संपवला.

"ते ठीक आहे," सूर्यास्ताच्या आत जेवण उरकताना दलिचंद म्हणाले, "पण तुझं काय? परवाच्या पुढे त्या थांबतील असं वाटत नाही. लगोलग त्याच घरी येतही नाहीत."

"येतील," चंदनबाई म्हणाल्या. बंद पडलेला फोन हातात घेऊन बायकांना त्या "होतो सुरू" असं सांगायच्या, तोच हा स्वर होता. आतून मात्र खात्री नव्हती, हे फक्त त्यांना ठाऊक.

मधला दिवस गेला. महासतीजी गोचरीला दुसऱ्या गल्लीत गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळीच चंदनबाईंनी फोन आतल्या कपाटात ठेवला आणि दार लावून घेतलं. जिनल स्वयंपाकघरात घुटमळत होती. "मम्मीजी, ताई महाराजांना गट्ट्याची भाजी आवडायची ना? करू का थोडी?"

चंदनबाईंच्या हातांना बेसन मळायची केवढी ओढ लागली ते सांगता येणार नाही. "नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांसाठी मुगाची डाळ आणि आपल्याला भाकरी. रोजचंच."

स्वयंपाक झाला, शेगडी कधीच विझली. चंदनबाई हात कोरडे करून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. तेवढ्यात कपाटात फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

"घे की," दलिचंद अस्वस्थ होऊन म्हणाले. "हॉलवरून असेल. निघाल्या असतील त्या. निदान वेशीपर्यंत तरी जाता येईल."

खरंच निघाल्या असतील तर? कपाट चार पावलांवर होतं. तिसऱ्यांदा फोन वाजला, तेव्हा त्यांनी पदर मुठीत घट्ट धरला. "वाजू दे," त्या म्हणाल्या. आवाज बंद झाला आणि घर एकदम रिकामं वाटलं.

मग फाटकाची कडी वाजली.

"दया पाळो."

चंदनबाईंनी पुढे होऊन वंदना केली, आत पधारायची विनंती केली. समताश्रीजींची नजर आधी हातांवर गेली. हात रिकामे होते. मग शेगडीवर, मग पातेल्यावर.

"कोणासाठी केलं?"

"डाळ ह्यांची. ह्यांना तिखट सोसत नाही, म्हणून फिकी आहे. भाकरी आम्हा दोघींची. थोडी करपलीय."

मुहपत्तीवरचे डोळे किंचित हसले. पात्र पुढे आलं. चंदनबाईंनी अर्धी भाकरी ठेवली, मग डाळीची एक पळी सोडली. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

"बस."

आग्रहाचे शब्द अगदी ओठांवर आले होते. बायका एरवी लाभ द्या, लाभ द्या म्हणून पळी पुढे करतातच. चंदनबाईंनी पळी मागे घेतली आणि हात जोडले.

पात्र मात्र मागे गेलं नाही. समताश्रीजी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "डाळ अजून एक पळी चालेल."

चंदनबाईंनी दुसरी पळी वाढली. फाटक लागेपर्यंत त्या उभ्या होत्या, मग तिथेच खाली बसल्या आणि पोटभर रडल्या. दलिचंदांनी झोपाळा थांबवून ठेवला होता.

बऱ्याच वेळाने त्यांनी कपाट उघडलं. तिन्ही कॉल सुकदेवचे होते, खाली त्याचा आवाजही टाकलेला होता. "आक्का, सती आते तुमनाकडेच येई राहिन्यात. तयारीमा राहा, त्या दिनना मायक फजिती नको व्हवाले."

चंदनबाईंनी तो पुन्हा लावून ऐकला आणि डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. आपल्याला फोन करायला सुकदेवला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी माइकचं बटण दाबून धरलं.

"सुकदेव, आल्या. घेतलं त्यांनी माझ्या हातचं, दोनदा घेतलं. आता भुसावळला कोणाला असा फोन करू नको हां. पिवळी बॅटरी बंदच ठेव. आणि निघताना हॉलमध्ये चार्जर विसरू नको."