दोनशे अकरा नंबरचं नोझल

"हे नोझल खराब आहे, बाई. दर पाच मिनिटांनी तुंबतंय."

विल्मेरने ते काउंटरवर ठेवलं. रंग फवारायच्या गनचं तोंड ते, बोटाच्या पेराएवढं, रंगाने माखलेलं. अर्डिसने कपाळावरचा चष्मा खाली ओढला, चिंधीने दांडी पुसली आणि आकडा वाचला. तीनशे तेरा.

"काय मारतोयस याने?"

"रंग."

"रंग सगळेच मारतात. कसला?"

"तो भिंतीची छिद्रं बुजवायचा. घट्ट, दह्यासारखा."

"कशावर?"

"सिमेंटच्या विटांवर. बंदरातल्या त्या जुन्या गोदामाचा जिना आहे ना, तिथे."

"आणि मशीन कुठलं?"

विल्मेर हसला. "बाई, माझ्या सासऱ्याने पोरगी देताना एवढं विचारलं नव्हतं."

"विचारायला हवं होतं."

डलूथ या अमेरिकेतल्या बंदरगावातल्या रंगाऱ्यांना हे तीन प्रश्न पाठ होते. रंग कसला, कशावर मारायचा, मशीन कुठलं. उत्तरं मिळाल्याशिवाय दुकानाच्या काउंटरमागची अर्डिस कुणाला नोझल देत नसे. मग तो वीस वर्षं जुना गिऱ्हाईक असो, नाहीतर दारात ट्रक चालू ठेवून धावत आलेला असो. काही जण वैतागायचे, काही जण आत शिरता शिरताच तिन्ही उत्तरं एका दमात म्हणून टाकायचे. स्वतःशी ती गणित करावं तशी ओठ हलवत असे. नंबरातल्या पहिल्या आकड्याची दुप्पट करायची, गन भिंतीपासून फूटभर लांब धरली की तेवढ्या इंचांचा पट्टा भिंतीवर पडतो. मागचे दोन आकडे भोकाचे, इंचाच्या हजाराव्या भागात. दाराला वॉर्निश मारायचं तर भोक बारीक, भिंतीच्या रंगाला मध्यम, आणि विल्मेरच्या त्या दह्याला चांगलं मोठं.

"नोझल खराब नाही," ती म्हणाली. "तू सुईच्या नेढ्यातून दोरखंड ओवतोयस. हे कशाला लावलं होतंस?"

"परवा तिथलेच दरवाजे केले. झकास झाले. म्हटलं, तेच राहू दे."

विल्मेर गुआमान मूळचा इक्वेडोरच्या डोंगरातला. पंधरा वर्षं ब्रश आणि रोलर हाच त्याचा संसार होता. दोन मेहुण्यांना घेऊन तो कामं घ्यायचा, आणि स्प्रेचं मशीन त्याने याच वसंतात घेतलं होतं. हात सफाईचा होता, पण मशीनची भाषा अजून यायची होती.

"तुला पाचशे पंचवीस लागेल," अर्डिस म्हणाली. "पण तुझं मशीन लहान आहे, एवढ्या भोकाला त्याचा दम पुरणार नाही. आमचं मोठं घेऊन जा दोन दिवस. आणि गनमधली बारीक जाळी काढून टाक, नाहीतर ती तुंबेल. व्हर्न! मोठं मशीन बाहेर आण!"

मागच्या खोलीतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "आणतो. पळून जातंय का ते?"

विल्मेर उजव्या हाताने खिशातलं पाकीट काढू लागला. ते निसटलं. त्याने डावा हात पुढे केला, तेव्हा तर्जनीभोवती गुंडाळलेला कागदी रुमाल अर्डिसला दिसला.

"ते काय?"

"काही नाही."

"विल्मेर, बोटाला काय झालं?"

"अहो, डास चावल्यासारखा ठिपका आहे. नोझल तुंबलं, मी बोटाने पुसलं, आणि गनचा घोडा जरासा दाबला गेला. रक्तसुद्धा नाही आलं." त्याने रुमाल सोडून दाखवला. पेरावर खरंच एक ठिपका होता, बाकी काही नाही. बोट किंचित फुगलेलं आणि फिकट.

"कधी?"

"झाला असेल पाऊण तास."

अर्डिस काउंटरला धरून उभी राहिली. मग तिने पाकीट त्याच्याकडे सरकवलं आणि भिंतीवरची ट्रकची किल्ली काढली.

"चल. हॉस्पिटलात."

"कशाला? दुखत पण नाहीये."

"दुखत नाही हेच वाईट. तुझ्या बोटात रंग शिरलाय. आतल्या आत पसरतोय."

"बाई, तिकडे दोघं जण ओल्या भिंतीसमोर उभे आहेत. शुक्रवारी जिना द्यायचाय. संध्याकाळी जाईन ना, शपथ."

"संध्याकाळी बोट नसेल."

तो हसला, पण अर्धवटच. त्याला वाटलं, बाई घाबरट आहे. म्हाताऱ्या बायका असतात तशा. त्याने तिने काढून ठेवलेलं पाचशे पंचवीसचं नोझल उचललं आणि दाराकडे वळला.

तेवढ्यात व्हर्न मोठं मशीन ढकलत आला. चाकांचा खडखडाट थांबला. त्याने अर्डिसचा चेहरा पाहिला, मग विल्मेरच्या हातातला रुमाल. तो काउंटरपाशी आला, डाव्या हातातला हातमोजा दातांनी ओढून काढला आणि हात फळीवर उताणा ठेवला. अंगठा होता. शेवटची दोन बोटं होती. मधली जागा तळव्याच्या निम्म्यापर्यंत रिकामी होती, आणि तिथली कातडी मांडीवरून आणून शिवलेली.

"माझाही ठिपकाच होता," व्हर्न म्हणाला. "मी त्याला पट्टी लावली. आमच्या पोरीच्या पट्ट्यांतली, बदकाची चित्रं असलेली. आणि दिवसभर काम केलं. रात्री जेवून मासे धरायला गेलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो तर तो म्हणाला, काटा टोचलाय. त्याने एक इंजेक्शन दिलं. तिसऱ्या दिवशी बोटं काळी पडली."

विल्मेर त्या हाताकडे बघत राहिला. दोन महिने तो या दुकानात येत होता, आणि हातमोज्याच्या आत हे असेल असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

"मेहुण्यांना फोन कर," अर्डिस म्हणाली. "गनचं कुलूप लावून दाब सोडायला सांग. आणि कुणी बोटाने काही पुसायला जाऊ नका म्हणावं."

तिने शेल्फवरून त्या रंगाचा डबा घेतला, सोबतचा माहितीचा कागद घेतला आणि दाराची पाटी उलटी केली. तिघं ट्रकच्या पुढच्या बाकावर बसली. उतारावर सरोवराचं धुकं इतकं दाट होतं की खालची जहाजं नुसती भोंग्यांनी कळत होती. जून उजाडला तरी गाडीतला हीटर चालू होता.

हॉस्पिटलात खिडकीमागच्या मुलीने विल्मेरचं बोट पाहिलं आणि एक फॉर्म दिला. "बसा. नाव पुकारतील."

"किती वेळ?"

"आज गर्दी आहे. दोन तास तरी."

अर्डिसच्या गावात लोक दुसऱ्याने पायावर पाय दिला तरी स्वतःच माफी मागतात. एकसष्ट वर्षांत तिने परक्या माणसावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी तिने रंगाचा डबा खिडकीत आपटला.

"बसणार नाही! तीन हजार पौंडांच्या दाबाने हे याच्या बोटात गेलंय. काटा नाही टोचलेला! हाताचा सर्जन बोलवा, आत्ता. तुम्हाला ठाऊक नसेल तर ज्याला ठाऊक आहे त्याला बोलवा. हा कागद द्या त्याला, यात काय काय आहे ते लिहिलंय."

बाकांवरची माणसं वळून बघू लागली. एका लहान मुलाने खोकणं थांबवलं. आतून एक वयस्क नर्स आली. तिने कागद वाचला, बोट पाहिलं, आणि विल्मेरला खांद्याला धरून आत नेलं. पाचच मिनिटांत एक डॉक्टरीण जवळजवळ पळत त्याच दारातून गेली.

मग उरलं थांबणं. विल्मेरची बायको नार्सिसा हॉटेलातल्या कामावरून, अंगावरचा एप्रन न काढताच आली. अर्डिसने तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि हातातली जपमाळ बोटांनी पुढे सरकवत होती. नंतर नर्सने तिला आत बोलावलं. अर्डिस आणि व्हर्न दोघंच राहिले. समोरच्या यंत्रातून आणलेली कॉफी निवून गेली.

"आवाज भारी आहे गं तुझा," व्हर्न म्हणाला. "छत्तीस वर्षं लपवून ठेवलास."

अर्डिस हसली नाही. ती कपाची कड नखाने सोलत होती.

"व्हर्न, ते नोझल मी दिलं होतं."

"कुठलं?"

"तुला माहितीये कुठलं."

बाहेर ॲम्ब्युलन्स येऊन थांबली, दारं उघडली, मिटली.

"दुकानात लागून मला दोनच महिने झाले होते," ती म्हणाली. "तू आलास, म्हणालास, बारीक दे. मी दिलं. कसला रंग, कशावर, काही विचारलं नाही. तू तो लोखंडावरचा जाड रंग मारणार होतास. मी नुसतं विचारलं असतं तरी—"

"दोनशे अकरा," व्हर्न म्हणाला.

तिने मान वर केली.

"आकडा दांडीवर छापलेला असतो, अर्डिस. मला वाचता येतं. हे बारीक आहे, तुंबणार, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मोठं लावलं तर रंग उडतो, खिडक्यांना कागद चिकटवावा लागला असता. मला कंटाळा आला होता. शनिवार होता."

"मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी खोटं सांगितलं असतं. वॉर्निश आहे म्हणालो असतो. त्या वयात मी कुणाचं ऐकत होतो?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं? मला वाटायचं, तू मला मूर्ख समजतेस." त्याने हातमोज्यातला हात मांडीवर फिरवला. "तुझे ते प्रश्न मी मागच्या खोलीत बसून ऐकायचो. दिवसातून वीस वेळा. वाटायचं, आपल्या नवऱ्यासारखा दुसरा गाढव निघू नये म्हणून ही विचारते."

अर्डिसला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांना धार लागली. खिडकीमागची मुलगी कागदी रुमालांचा डबा घेऊन बाहेर आली आणि तो तिच्याजवळ ठेवून गेली.

"गाढव तर तू आहेसच," नाक पुसत अर्डिस म्हणाली.

"ते वेगळं."

दुपारी तीनच्या सुमारास डॉक्टरीण नार्सिसाला घेऊन बाहेर आली. बोट पेरापासून तळव्यापर्यंत उघडून धुतलं होतं. रंग शिरेच्या बाजूने खाली उतरत चालला होता. आणखी चार-पाच तास गेले असते तर बोट वाचलं नसतं, ती म्हणाली. आता वाचेल. शेवटचं पेर कदाचित वाकणार नाही. पुन्हा एकदा धुवावं लागेल. "कुणी आणलं याला?" तिने विचारलं. नार्सिसाने अर्डिसकडे बोट दाखवलं, आणि अर्डिसने व्हर्नकडे.

दुसऱ्या दिवशी व्हर्न मोठं मशीन घेऊन गोदामावर गेला. मेहुण्यांना त्याने पाचशे पंचवीसचं नोझल लावून दाखवलं, पुठ्ठ्यावर पट्टा मारून त्याच्या कडा कशा तपासायच्या ते दाखवलं, आणि दाब किती कमी ठेवता येतो तेही. त्याला स्पॅनिश येत नव्हतं आणि धाकट्या मेहुण्याला इंग्रजी. दोघं दिवसभर एकमेकांना खुणांनी शिव्या देत होते. जिना शनिवारी झाला. एक दिवस उशीर झाला म्हणून कुणी काही बोललं नाही.

सप्टेंबरात विल्मेरच्या मुलीचा, डोमेनिकाचा, चर्चमध्ये पहिला प्रसाद घेण्याचा समारंभ होता. नार्सिसा स्वतः दुकानात बोलावणं घेऊन आली. जेवायला बटाट्याची चीज भरलेली थालीपिठं आणि आख्खं भाजलेलं डुक्कर आहे, तिने सांगितलं. "विल्मेर म्हणतो, तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसायचं. आमच्या आईवडिलांना तिकडून येता येत नाही ना."

रविवारी सकाळी अर्डिस आरशासमोर केस सारखे करत होती. मागे व्हर्न कपाटात काहीतरी शोधत होता. त्याने पांढरा शर्ट काढला, लांब बाह्यांचा, कफ असलेला. असला शर्ट त्याने बोटं गेल्यापासून अंगात घातला नव्हता. बाह्या दुमडायच्या, नाहीतर गळ्यातून घालायचा स्वेटर चढवायचा. लग्न असो की मयत, त्याचं तेच. समोरची बटणं तो एका हाताने लावायचा, त्याला वेळ लागायचा, आणि मदतीला गेलेल्या माणसावर तो गुरगुरायचा. त्यामुळे अर्डिस कधीच मदतीला जात नसे.

आजही ती आरशातच बघत राहिली. त्याने समोरची बटणं लावली. डावा कफ उजव्या हाताने लावला. मग उजव्या कफापाशी येऊन तो थांबला. अंगठा आणि करंगळीने त्याने दोनदा प्रयत्न केला. बटण निसटलं.

"अर्डिस," तो म्हणाला.

ती वळली. त्याने उजवा हात, धडधाकट पाच बोटांचा, मनगट वर करून तिच्यापुढे धरला होता, आणि तो खिडकीबाहेर बघत होता. तिने बटण काजात घातलं. मग कफाची सुरकुती अंगठ्याने नीट केली. दोनदा केली, तरी त्याने हात मागे घेतला नाही.