७९१९ नं भागल्यावर

मी ब्याऐंशी कोटी त्र्याण्णव लाख अठ्ठेचाळीस हजार नऊशे एक्कावन्न. बोलताना दम लागत असेल तर नुसतं लिहा: ८२९३४८९५१. दोन, तीन, पाच, सात, अकरा, सगळे माझ्या दारातून हात हलवत परत जातात. म्हणून पाहणाऱ्याला मी मूळसंख्या वाटते. म्हणजे एक आणि स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी.

मी तशी नाही. एका हेडमास्तरांनी निव्वळ खोडी म्हणून मला जन्माला घातलं. गणिताचे एक सर वरचे वर्ग मागत सारखे त्यांच्या खोलीत यायचे. हेडमास्तरांनी ७९१९ आणि १०४७२९ या दोन मूळसंख्यांचा गुणाकार केला आणि नुसतं उत्तर सरांच्या हातावर ठेवलं.

"ही मूळ आहे, असं मला वाटतं. हातानं भागून सिद्ध करा. वरचे वर्ग तुमचे."

जवळजवळ एकोणतीस हजारांपर्यंतची प्रत्येक मूळसंख्या लावून बघायची होती. तीन हजारांवर भागाकार! सरांनी निम्मे आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, बेबीला, वाटून दिले. बाहेर मैत्रिणी हाका मारून मारून थकल्या आणि मग यायच्याच बंद झाल्या.

एकदा ती धावत आली. "बाबा, ६१३ नं पूर्ण भाग गेला!"

सरांनी तपासलं. बाकी ४०९ उरत होती. त्यांनी तिच्या फाडकन मुस्काटात मारली. "शून्य आलं की समजायचं, तूच चुकलीस."

काही महिन्यांनी तिच्या वाट्याला ७९१९ आला. बाकी शून्य. तिनं पुन्हा केलं, शून्य. तिसऱ्यांदाही शून्यच. अखेर कुणीतरी मला ओळखलं, म्हणून मी हरखले. बेबीनं शेजारच्या खोलीतल्या बापाचा कानोसा घेतला, खोडरबर फिरवलं आणि लिहिलं: बाकी १.

दोन वर्षांनी सरांनी शिक्षकांच्या खोलीत छाती फुगवून जाहीर केलं, "मूळच आहे!"

"७९१९ नं भागता का जरा? इथंच, फळ्यावर," हेडमास्तर म्हणाले.

सरांनी भागलं. शेवटचं शून्य लिहिताना खडू मोडला. सगळी खोली खदाखदा हसली. "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं हो," हेडमास्तर डोळे पुसत म्हणाले.

घरी सरांनी वही उघडली. अक्षर बेबीचं होतं.

"शून्य आलं होतं?"

"तीनदा."

"मग हा एक कुठून आणलास?"

"तुम्ही मारलं असतं."

सरांनी हात उचलला नाही. "यापुढे माझ्याशी बोलायचं नाही," एवढंच म्हणाले, आणि ते पाळलं. ती शिकली, कमावती झाली, आई गेल्यावर बापाचं सगळं तीच करू लागली. ते मात्र शेजाऱ्यांना सांगायचे, "तिला म्हणावं, औषध संपलं."

आता ते अंथरुणाला खिळलेत. बेबी चमचा पुढे करते; ते घास घेतात आणि तोंड भिंतीकडे वळवतात.

मला तोंड नाही. पण तुम्ही त्या घरी गेलात, तर त्यांच्या कानाशी वाकून एवढं सांगाल का, पोरीचा भागाकार बरोबर होता.