रक्त नेणारा थर्मास

मित्रांनो, गारगोटीतल्या एका घराच्या माळ्यावर जो जुना निळा थर्मास धूळ खात पडला आहे, तो मी. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपल्यात चहा भरतील. सुरुवातीला भरलाही. आकारामदादा शेताकडं जाताना मला सायकलला अडकवायचे. चहा त्यांच्या बायकोच्या, शालूबाईंच्या हातचा असायचा.

१९९८ साली दादांना लघवीचा त्रास सुरू झाला. कोल्हापुरात तपासणी झाली आणि कॅन्सर निघाला. पुरुषांच्या मूत्राशयाखाली प्रोस्टेट नावाची छोटी ग्रंथी असते. ती ऑपरेशन करून काढून टाकली. घरी सोडताना डॉक्टर शालूबाईंना म्हणाले, "ही ग्रंथी रक्तात एक प्रथिन सोडते. आता ग्रंथीच नाही, तेव्हा ते रक्तात सापडायला नको. दर तीन महिन्यांनी तपासा. आकडा शून्याजवळ राहिला तर चांगलं. चढायला लागला तर आजार परत येतोय असं समजा आणि लगेच या."

ऑपरेशननंतर दादांना लघवी धरून ठेवता येईना. भरल्या गाडीत फजिती होईल म्हणून ते एसटीत बसायला तयार नसत. मग गावातले डॉक्टर रक्त काढून द्यायचे. शालूबाई माझ्यात बर्फ भरायच्या, रक्ताची बाटली ठेवायच्या आणि मला मांडीवर घेऊन कोल्हापूर गाठायच्या.

"मावशी, आईस्क्रीम हाय काय त्यात?" एकदा कंडक्टरनं विचारलं.

"व्हय की. आमच्या मालकांच्या रगताचं हाय. देऊ काय?"

"नगं, नगं!" म्हणत तो पुढच्या बाकाकडं पळाला. सगळी गाडी हसली.

लॅबच्या बाकावर त्या संध्याकाळपर्यंत बसून राहायच्या. तिथं काम करणारा पिराजी कागद देताना म्हणायचा, "मावशी, शून्य. पास!" मित्रांनो, तुम्हाला शाळेत शून्य मिळालं तर बोलणी बसतात. आमच्या घरी त्या दिवशी शिरा व्हायचा.

परतीच्या गाडीत शालूबाई चपला काढून माझ्यातला उरलेला बर्फ तळपायांवर चोळायच्या. पाय जळतात म्हणायच्या. तहानही सारखी लागायची.

"मावशी, तुमची साखर बघू काय एकदा?" पिराजीनं विचारलं होतं.

"मला काय धाड भरलीया? आधी ह्यांचं बघ."

त्यानं दादांची बाटली उचलली. घरी दादा म्हणाले, "लई चालतीस, म्हणून जळत्यात."

२००३ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पायाला चप्पल लागली. जखमेवर हळद लावली, पण ती भरेना. बोट काळं पडलं, तरी त्या लंगडत मला घेऊन गेल्या आणि शून्याचा कागद घेऊन आल्या. पुढं ताप भरला, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. तिथं पहिल्यांदा शालूबाईंचं रक्त तपासलं. साखर फार चढली होती आणि जखमेचं विष अंगभर पसरलं होतं. खाटेवरून त्या दादांना म्हणाल्या, "अवं, तुमची पुढची तारीख ध्यानात ठेवा. चुकवू नगासा."

त्या घरी परत आल्या नाहीत.

तारखेला दादा स्वतःच रक्त द्यायला निघाले, तरी सवयीनं मला सोबत घेतलं. धोतराच्या आत कापडाची जाड घडी बांधली होती. लॅबमध्ये मला ओळखून पिराजीनं विचारलं, "मावशी न्हाय आल्या?"

"गेली ती."

संध्याकाळी पिराजीनं कागद दिला. शून्यच होतं. दादा कागदाकडं बघत राहिले.

"माझं इतक्यांदा बघितलंस. तिचं एकदा बघायचं हुतंस रं."

"मी विचारलंतं, दादा. नगं म्हणाल्या."

"ती नगंच म्हणणार की. तिला विचारायचं न्हवतं, धरून बसवायचं हुतं."

त्यानंतर दादा तपासायला गेले नाहीत. मला माळ्यावर टाकलं. माझं बूच कुठं पडलं, ठाऊक नाही. डॉक्टरांचा निरोप आला की दादा म्हणतात, "बघू." त्यांच्या रक्तातला आकडा आज शून्य आहे की चढला आहे, हे कुणालाच माहीत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात दुसऱ्याच्या आजारासाठी खेपा घालणारं कुणीतरी असेल. मला काही झालेलं नाही, असंच ते माणूस सांगेल. त्याला विचारत बसू नका. लॅबच्या बाकावर शेजारी बसवा आणि त्याचंही रक्त तपासायला द्या. आणि आमचे आकारामदादा कुठं भेटले, तर त्यांनाही विचारू नका. हाताला धरून गाडीत बसवा.